एका बॅचमध्ये एक मुलगी

माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान असलेल्या एका सहकारी बाईचा मला हेवा वाटायचा. साधासुधा नाही, डबा खाताना घास अडकावा इतका. नवऱ्याला सांगितलं नव्हतं, मैत्रिणींना तर नाहीच नाही. आता निवृत्त होऊन वर्ष होत आलं, कुणी माझं काही वाकडं करू शकत नाही, म्हणून सरळ सांगून टाकते.

आमचं अभियांत्रिकी कॉलेज शिरूर आणि दौंडच्या मधल्या पट्ट्यात आहे. एका अंगाला ऊस, दुसऱ्या अंगाला रांजणगाव एमआयडीसीकडे जाणारे कंटेनर. तिथे मी मेकॅनिकल शिकवायचे. माझे वडील दौंडच्या रेल्वेत फिटर होते, त्यामुळे वंगणाचा वास मला लहानपणापासून घरच्यासारखा. पण त्या विभागात मी वर्षानुवर्षं एकटीच बाई होते. स्टाफरूमपाशी जे स्वच्छतागृह होतं ते पुरुषांचं, मला समोरच्या ग्रंथालयाच्या इमारतीत जावं लागे. पावसाळ्यात छत्री घेऊन निघाले की सगळ्या विभागाला कळायचं मॅडम कुठे चालल्या. ह्याची पुढे सवय झाली. सवय होते म्हणून लोक त्याला सोय म्हणायला लागतात, तेवढं मात्र मला कधी पटलं नाही.

मग एकदा वरून परिपत्रक आलं की प्रत्येक विभागात विविधता आणि समावेशन कक्ष असावा. विभागप्रमुखांनी ते वाचलं, सगळ्यांवरून नजर फिरवली आणि माझ्यावर आणून ठेवली. विभागात विविधता म्हणावी अशी मी एकटीच होते, तेव्हा कक्षही माझ्याकडेच आला.

बाहेरच्या माणसाला हे काम म्हणजे काय ते कळत नाही. भाषणं आणि फोटो, असंच वाटतं. तेही होतंच. मूल्यांकन समिती येणार म्हणून वर्कशॉपला व्हीलचेअरसाठी छान उतार बांधला, समिती गेली आणि दुसऱ्या दिवसापासून त्यावर क्लार्कमंडळींच्या स्कूटर लागायला लागल्या. त्या हटवायला मला पुढचं अख्खं सत्र भांडावं लागलं. मराठी शाळेतून आलेली मुलं तोंडी परीक्षेत इंग्रजीच्या धाकाने मुकी व्हायची, त्यांना मराठीत बोलायची मुभा मिळवून दिली. पण खरं काम होतं मुली आणायचं. कॉम्प्युटरला मुलींची गर्दी, सिव्हिललाही बऱ्यापैकी, आणि आमच्याकडे वर्गच्या वर्ग मिश्यांचा. प्रवेशाच्या दिवसांत मी गावोगाव हिंडायचे. इनामगाव, मांडवगण फराटा, केडगाव, जिथे बारावीला सायन्स घेतलेली मुलगी आहे असं कळेल तिथे जाऊन बापाशी बोलायचं.

असंच एकदा मांडवगणच्या पुढे एका वस्तीवर गेले. ठोंबरे आडनाव. आज्यापर्यंत मेंढरं घेऊन फिरणारं घर, आता ऊस आणि कांदा, दारात चार-पाच शेळ्या तेवढ्या उरलेल्या. मुलगी साक्षी, गणितात हुशार. बापाला सगळे आप्पाच म्हणायचे, मीही म्हणाले.

"मेकॅनिकल म्हंजी गॅरेज ना?" आप्पांनी पहिलाच प्रश्न टाकला. "पोरीचं हात काळं व्हायचं."

"धुतले की निघतं, आप्पा. हे बघा माझे."

त्यांनी माझे दोन्ही हात खरोखर उलटेपालटे करून बघितले, बाजारात मेंढरू पारखतात तसे. तेवढ्यात आतून साक्षीची आई आली. तिची शंका वेगळीच होती. "बांगड्या काढाव्या लागत्यात म्हनं मशिनीवर? आमच्यात कुवाऱ्या पोरीचा हात मोकळा ठिवत न्हाईत." मी माझ्या बांगड्या कोपराकडे सरकवल्या आणि रुमालाची पट्टी त्यावर आवळून बांधून दाखवली. मी सगळी नोकरी अशीच केली होती. आई हसली आणि चहा ठेवायला गेली.

आप्पा मात्र विचारात पडले होते. "कॉम्प्युटर घितला तर नोकरीला पुन्याला जावं लागंल, तितं मी पोरीला धाडत न्हाई. हे तुमचं जवळ हाय, पुढं रांजणगावात काम बी मिळंल. म्हनून बघू म्हन्तो. पर तितं न्हाई जमलं तर दुसरं काय न्हाई बगा. घरीच."

"जमेल," मी म्हणाले. "मी आहे तिथे."

तर असं माझ्या शब्दावर साक्षी आली. साक्षी टिकली तर इंजिनिअर, नाही टिकली तर वस्तीवर परत. मधलं काही नव्हतं.

त्या वर्षी पहिल्या वर्षाच्या वर्गाला बऱ्याच मुली मिळाल्या. बऱ्याच म्हणजे आमच्या मानाने. त्यांना कसं विभागायचं ह्याचा माझा एक नियम होता, आणि मला त्याचा फार अभिमान होता. वर्कशॉपच्या तासाला वर्गाच्या बॅच पडतात, प्रत्येक बॅच आळीपाळीने लेथवर, म्हणजे लोखंड गरगर फिरवून कापणाऱ्या मशीनवर, मग फिटिंगला, वेल्डिंगला जाते. माझा नियम असा, की प्रत्येक बॅचमध्ये एक मुलगी. माझ्या वेळी आमचे सर मला वेगळ्या बाकावर बसवायचे, वेगळं काम द्यायचे, जसं काही मी पाहुणी आहे. तेव्हाच मी मनाशी ठरवलं होतं, माझ्या हातात कारभार आला तर मुलींची वेगळी रांग लावणार नाही. मुलांमध्ये मुलगी, त्यांच्यातलीच एक. मूल्यांकन समितीलाही हे भलतंच आवडलं होतं. प्राचार्यांनी सभेत माझं नाव घेतलं होतं.

आणि मग मृण्मयी आली.

पुण्याची, डॉक्टरेट झालेली, स्वतःची गाडी चालवत यायची. केस मानेपर्यंत कापलेले, म्हणजे मशीनपाशी वेणी टोपीत कोंबायची कटकटच नाही. येताना स्वतःचे सेफ्टी शूज घेऊन आली, तिच्या मापाचे. मी इतकी वर्षं शाळेतल्या पीटीच्या कापडी बुटांवर काढली होती, कारण कॉलेजच्या स्टोअरमधले सेफ्टी शूज पुरुषांच्या मापाचेच यायचे. बायकांच्या मापाचे बूट बाजारात मिळतात हेच मला माहीत नव्हतं. पहिला हेवा मला त्या बुटांचा वाटला.

पंधरा दिवसांत मुली तिला ताई म्हणायला लागल्या. मला मॅडम, तिला ताई. कॅन्टीनमध्ये तिच्या टेबलाभोवती गराडा, खिदळणं, एकमेकींच्या ताटातली भजी उचलणं. मी आत गेले की सगळ्या उठून उभ्या राहायच्या. उभं राहणं हा मान आहे हे मला कळतं. पण मला वाटायचं, एखादीने तरी बसून राहावं आणि म्हणावं, मॅडम, भजी घ्या.

टाइमटेबल माझ्याकडे होतं. मी शनिवारचं शेवटचं लेक्चर तिच्या नावावर टाकलं, ज्याला आजवर कुणाच्या वर्गात चार मुलं बसली नव्हती. तिने कुरकुर न करता घेतलं. महिन्याभरात शनिवारी शेवटच्या लेक्चरला वर्ग भरायला लागला. मुलं एसटी चुकवून थांबायची.

एके दिवशी ती माझ्या टेबलाशी आली. "मॅडम, साक्षी ठोंबरे दर आठवड्याला वर्कशॉपला येते, पण अजून एकदाही तिने मशीन चालवलेलं नाही. तुमच्या लक्षात आलंय का?"

"तिला जॉबला चांगले मार्क आहेत," मी म्हणाले. जॉब म्हणजे लोखंडाचा जो तुकडा मुलांना मापात कापून, घासून, वळवून द्यायचा असतो तो.

"जॉब बॅचमधल्या मुलांनी केलाय. ती वहीत मापांची रीडिंग लिहिते. सगळ्याच बॅचमध्ये तसंच चाललंय. जी एक मुलगी आहे, ती लिहिते."

मी म्हणाले, बघते. खरं तर त्या दिवशी मला राग आला होता तो तिचं म्हणणं चूक आहे म्हणून नाही. ती वर्कशॉपमध्ये उभी राहून बघत होती, आणि मी ऑफिसात बसून समितीचे अहवाल लिहीत होते, म्हणून.

पहिलं सत्र संपत आलं तेव्हा साक्षी आली. दारातच उभी.

"मॅडम, मी सोडायचं म्हन्ते."

"कुणी त्रास दिला का?"

"न्हाई मॅडम. पोरं लई चांगली हायेत. मला कायच करू देत न्हाईत."

मी तिला बसवलं. ती बाकाच्या कडेला बसली. "मी मशीनपाशी गेले की म्हन्तात, तू राहू दे, हात खराब होतील, तुझं अक्षर चांगलंय, तू लिही. चिडवीत न्हाईत, काय न्हाई. मला तोडून बोलता बी येत न्हाई, चांगलंच वागतात म्हणून. घरी गेलं की आप्पा इचारतात, आज काय शिकली? मी म्हन्ते, लेथ. पर मला लेथ येत न्हाई, मॅडम. चार वरसानं बी येनार न्हाई. मंग किती दिवस खोटं बोलायचं?"

"मला आधी का नाही सांगितलंस?"

ती खाली बघत म्हणाली, "ताईंना सांगितलं व्हतं. त्या म्हनल्या, तुझा निर्णय आहे, पण आधी मॅडमना सांग. त्यांच्या शब्दावर तू आलीयेस."

मी ज्या मुलीला वस्तीवरून आणली, जिच्या बापाला शब्द दिला, ती आधी मृण्मयीकडे गेली. मला दुःख झालं, पण त्या दुःखात हेवाच जास्त होता. मी साक्षीला म्हणाले, पुढचं एक सत्र थांब, मी काहीतरी करते. काय करणार हे मला माहीत नव्हतं. मृण्मयीला माहीत होतं.

विभागाच्या बैठकीत तिने मांडलं, दुसऱ्या सत्रात पहिल्या वर्षाच्या सगळ्या मुली एकाच बॅचमध्ये घाला. मी उठले. माझं बोलणं चांगलं झालं, हे मी आजही म्हणते. मी म्हणाले, "मुलींना एवढ्या खटपटी करून घराबाहेर काढायचं ते पुन्हा वेगळी रांग लावण्यासाठी? उद्या वेगळा दरवाजा करा, परवा वेगळं कॉलेज. एमआयडीसीत काय बायकांची वेगळी शिफ्ट देणार आहेत ह्यांना?" दोन-तीन पुरुष प्राध्यापकांनी बाकं वाजवली. ज्यांनी जन्मात कधी मुलींसाठी बोट उचललं नव्हतं तेच, हेही माझ्या लक्षात आलं.

मृण्मयी शांतपणे म्हणाली, "मॅडमचं म्हणणं मला पटतं. वेगळी रांग कायमची नकोच. पण पोहायला शिकेपर्यंत कडेला धरायला काहीतरी लागतं. सध्या आपण एकेकीला खोल पाण्यात सोडतोय, आणि मुलं सभ्य आहेत म्हणून तिला उचलून काठावर बसवतात."

विभागप्रमुखांनी माझ्याकडे बघितलं. कक्ष माझा, शब्द माझा. माझ्या डोळ्यांपुढे साक्षीचे आप्पा आले. मी म्हणाले, "एक सत्र. फक्त एक."

त्या सत्रात माझ्या मनाची जी काही गंमत झाली ती सांगायलाच हवी. साक्षीने टिकावं असं मला मनापासून वाटत होतं, आणि मृण्मयीची बॅच फसावी असंही मनापासून वाटत होतं. दोन्ही एकदम होणं शक्य नाही, हे कळण्याइतकं माझं डोकं शाबूत होतं. तरी वाटत होतंच.

मुलींच्या बॅचचा पहिला तास मी टूलरूमच्या खिडकीतून बघितला. चोरूनच म्हणा. सगळ्या निळ्या वर्कशॉप ड्रेसमध्ये, हातात वह्या, मशीनपासून दोन हात लांब. इन्स्ट्रक्टरचं सगळं दाखवून झालं होतं. मृण्मयीने प्रत्येकीच्या हातातली वही काढून घेतली, टेबलावर थप्पी लावली आणि म्हणाली, "सर इथेच आहेत, अडलं तर विचारा. मी चहा घेऊन येते." आणि खरंच निघून गेली.

बराच वेळ कुणी हललं नाही. मला बरं वाटायला लागलं होतं. मग साक्षी एका लेथपाशी गेली, केडगावहून शटल रेल्वेने येणारी एक मुलगी तिच्याबरोबर गेली. दोघींनी जॉब बांधला, आवळायची चावी काढून बाजूला ठेवली, मशीन चालू केलं. साक्षीने एकदम खोल काप दिला. कर्रकन आवाज आला आणि कापणाऱ्या टूलचं टोक तुटून उडालं. दोघी मागे सरल्या.

आणि सगळ्या हसायला लागल्या. साक्षी सगळ्यात जोरात. "जास्तच खाल्लं की गं ह्यानं," ती म्हणाली. इन्स्ट्रक्टरकडून दुसरं टूल मागून आणलं, पुन्हा बांधलं, पुन्हा चालू.

माझ्या शिक्षणाच्या दिवसांत माझ्याकडून एकदा असंच टूल तुटलं होतं. आठवडाभर अख्ख्या कॉलेजात चर्चा होती, मुलीने टूल तोडलं. त्यानंतर मी कधी खोल काप दिलाच नाही. नेहमी हलका, जपून, कुणी बघत तर नाही ना ह्याचा अंदाज घेत. मी चांगली शिक्षिका झाले, पण मशीनवर मी आयुष्यभर भित्री राहिले. इथे एका मुलीकडून टूल तुटलं आणि ते फक्त टूलच तुटलं. त्या खिडकीत उभी असताना मला मृण्मयीचा हेवा वाटला नाही. त्या पोरींचा वाटला. माझ्या शेजारच्या मशीनवर हसणारं कुणी नव्हतं.

सत्राच्या शेवटी साक्षीने तिचा जॉब दाखवला. पायऱ्यापायऱ्यांचा एक दांडा, एका टोकाला माप थोडं हुकलेलं, वरून खरखरीत. पहिल्या सत्रातल्या गुळगुळीत जॉबपेक्षा मार्क कमी मिळाले. ती तो आधी मृण्मयीला दाखवून मगच माझ्याकडे आली, हे मी कॉरिडॉरमधून बघितलं होतं. तरी मी तिला विचारलं, "मग? सोडायचं का?"

"आता कशाला, मॅडम?" ती म्हणाली. "आप्पानं दांडा घरी मागवलाय. शेजारच्या वस्तीवर दाखवायचाय म्हन्तात."

दुसऱ्या वर्षी ती बॅच मोडायची ठरवली तीही मृण्मयीनेच. "आता एकेकीला कुठेही घाला, मॅडम," ती म्हणाली, "कुणी 'तू लिही' म्हणालं तर त्याच्याच हातात वही देतील." तसंच झालं. म्हणजे माझा नियमही चूक नव्हता, फक्त एक वर्ष लवकर लावलेला होता. हे मी शोधून काढायला हवं होतं. तिने काढलं, आणि वर मला श्रेय देऊन टाकलं, प्राचार्यांसमोर. त्याचाही मला रागच आला.

साक्षीला शेवटच्या वर्षात रांजणगावच्या एका कारखान्यात मशीन शॉपला ट्रेनी इंजिनिअर म्हणून घेतलं. गावाने सत्कार ठेवला. मला आणि मृण्मयीला दोघींना आमंत्रण. मृण्मयीच्या गाडीतून गेलो. गावात शिरताना चौकातच भला मोठा फ्लेक्स. वरच्या रांगेत सोसायटीचे चेअरमन, सरपंच, हात जोडलेले आणखी काही पुढारी. मधोमध साक्षी, निळ्या ड्रेसमध्ये, लेथला टेकून. आणि खालच्या कोपऱ्यात गोलात मी. 'मार्गदर्शक प्रा. सौ. सुनीता शेलार'. फोटो माझ्या व्हॉट्सअॅपवरचा. त्यात मूळचे शेजारी आमचे हे होते, त्यांना कापून टाकलं होतं, पण त्यांचा अर्धा खांदा राहिला होता.

मृण्मयी कुठेच नव्हती. मी दोनदा बघितलं.

स्टेजवर मला फेटा बांधला, शाल-नारळ दिला. आप्पा माइकपाशी आले. त्यांना बोलायची सवय नव्हती. "ह्या बाईंनी माज्या पोरीला मानसात आनली," एवढंच म्हणाले, आणि डोळे पुसत खाली उतरले. मी तेव्हाच माइक घेऊन सांगायला हवं होतं, की पोरगी टिकली ती त्या तिसऱ्या रांगेत बसलेल्या बाईमुळे. मी फेटा सावरत बसले. फेटा मला चांगला दिसत होता.

पण माझी नजर मृण्मयीवर होती. मी तिच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत होते. इतकी वर्षं माझ्या चेहऱ्यावर जे होतं तेच, जरासं तरी. ती दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवत होती. मग उठून पुढे आली आणि मोबाइलवर माझे फोटो काढायला लागली. "मॅडम, इकडे बघा. जरा हसा की."

परत येताना न राहवून मी विचारलंच. "फ्लेक्सवर तुझं नाव नव्हतं. वाईट नाही वाटलं?"

"कशाचं?" तिने खरंच न कळून विचारलं. समोर उसाची ट्रॉली होती, तिला ओव्हरटेक करून झाल्यावर म्हणाली, "मॅडम, मला ह्या विभागाची नोकरी मिळाली तेव्हा घरचे म्हणाले होते, मेकॅनिकल, एवढ्या लांब, सगळे पुरुष, नको. मी म्हटलं, नाही, तिथे एक मॅडम आहेत. त्यावर आई गप्पच झाली."

हिला हेवा कसा करतात तेच माहीत नव्हतं, आणि मला आता त्याचाही हेवा वाटायला लागला होता.

थोड्या वेळाने तिने सहज विचारलं, "तुम्ही जॉइन झालात तेव्हा कोण होतं हो, मॅडम?"

"कुणी नाही," मी म्हणाले.

तिने गाडीचा वेग कमी केला आणि माझ्याकडे बघितलं. एवढ्या नोकरीत हे मला कुणी विचारलं नव्हतं.